भैरूचे मानाचे नारळ

माझ्या दारातल्या पादत्राणांवरून आमच्या सोसायटीचे सचिव उद्धवराव यांनी मला आजवर जितक्या वेळा तंबी दिली, त्यांतल्या बहुतेक वेळा कारण एकच जोडी होती. पुढे लोखंडी टोपी असलेले, तेलाने काळवंडलेले, कारखान्यात घालायचे सेफ्टी शूज. ते दाराशेजारी नीट ठेवता येतात. परंतु त्यांचा मालक ते जिन्याच्या तोंडाशीच, एक पूर्वेकडे आणि एक पश्चिमेकडे तोंड करून, सोडून येत असे. उद्धवराव त्यांना अडखळले की आधी माझे नाव घेत आणि मग देवाचे.

मालकाचे नाव भैरू. राहणार कुरुळी, घराणे तिथलेच, पिढीजात शेतकऱ्याचे. नोकरी चाकणच्या एका कारखान्यात, जिथे गाड्यांचे गिअर तयार होतात आणि तयार झालेले गिअर भैरूच्या हाताखालून तपासून पुढे जातात. व्यक्तिचित्र लिहायचे ते गुणवंतांचे, असा आपल्याकडे संकेत आहे. तो संकेत मी मोडतो आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. गुणवंत मला भेटलेच नाहीत असे नाही. परंतु ते शिकून झाल्यावर ओळख विसरतात, आणि विसरलेल्या माणसाचे चित्र काढायला माझ्याकडे रंग नाहीत.

मी रहाटणीत राहतो. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी संगणकशास्त्र शिकवीत असे. पुढे संस्थाचालकांना त्या इमारतीचा अधिक शोभिवंत उपयोग सापडला. माझ्या प्रयोगशाळेच्या जागी आता नवरीला हळद लावतात. तेव्हापासून मी घराच्या पुढल्या खोलीत शिकवणी घेतो. आमच्या भागातल्या कारखान्यांची सुटी गुरुवारी. म्हणून माझा सर्वांत गर्दीचा दिवसही गुरुवार. ज्या दिवशी सज्जन माणसाने उपास करून शांत बसावे, त्या दिवशी माझ्या घरात सेफ्टी शूज घातलेला समाज येतो आणि म्हणतो, "सर, थिअरी राहू द्या. निस्तं चालवून द्या."

भैरूही तेच म्हणत आला. फरक एवढाच की त्याला कारण होते.

त्याची पाळी दर आठवड्याला बदलते: एकदा सकाळ, एकदा दुपार, एकदा रात्र. त्याची बायको पुनम चाकणमधल्या एका खासगी दवाखान्यात केसपेपर काढण्याच्या खिडकीवर असते, आणि ती मात्र नेहमी दिवसाच. ती घरी येते तेव्हा हा निघालेला असतो किंवा झोपलेला असतो. त्यांची मुलगी आरोही नुकतीच बालवाडीत जाऊ लागली होती. तिथे बाईंनी विचारले, "तुझे पप्पा कुठे असतात?" तेव्हा तिने उत्तर दिले, "गोधडीखाली." बाई हसल्या. पुनम हसली नाही. तिने भैरूला सांगितले की पुढल्या वर्षी पोरगी शाळेत जायच्या आत तिला बाप उभा दाखव.

योगायोगाने त्याच सुमारास कंपनीने गिअर तपासण्याचे काम संगणकावर घ्यायचे ठरवले. त्यासाठी दिवसपाळीची दोन टेबले निघणार होती, आणि ती लाइनवरच्याच माणसांतून परीक्षा घेऊन भरायची होती. परीक्षा जावा या संगणकाच्या भाषेतली, आणि तीत मुख्य भाग इंटरफेसचा. भैरूला यातले एकच कळले, 'दिवसपाळी'. बाकीचे कळवून देण्याची जबाबदारी त्याने माझ्यावर टाकली.

"इंटरफेस म्हणजे करार," मी त्याला पहिल्या गुरुवारी सांगितले. "त्यात कामांची केवळ नावे असतात. ती कशी करायची, हे तिथे लिहिलेले नसते. जो क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचा जो तुकडा, 'मी हा करार पाळतो' असे म्हणेल, त्याने त्यातले प्रत्येक काम स्वतः करून दाखवले पाहिजे. आपण लिहिलेला प्रोग्रॅम चालू होण्यापूर्वी कंपायलर तो वाचतो. एक काम जरी राहिले, तरी तो लाल अक्षरांत चूक दाखवतो आणि पुढे जाऊ देत नाही."

"म्हंजी गेटवरचा वॉचमन."

"वॉचमन नव्हे."

"वॉचमनच की सर. आयकार्ड न्हाई तर आत न्हाई."

मी त्याला सरावासाठी 'तपासनीस' नावाचा इंटरफेस दिला. त्याच्याच धंद्यातला, कारण कुत्रा, मांजर आणि त्यांचे आवाज ही परदेशी पुस्तकांतली उदाहरणे शिकवून मी कंटाळलो आहे. तपासनीसाची कामे तीन: गिअरचे माप घेणे, चांगला की वाईट हा निकाल देणे, आणि वाईट असेल तर तो बाजूला करणे. भैरूने दोन लिहिली. तिसरे लिहिलेच नाही. कंपायलरने लाल अक्षरे दाखवताच त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच गेट अडवून उभा होतो.

"तिसरे काम कुठे आहे?"

"ते माझं न्हाई सर. बाजूला करायला आमच्याकडं दुसरा गडी असतो. मी निस्तं बगायचं आन् खडूनं फुली मारायची."

"तुझ्या लाइनवर असेल. इथे करारावर सही तुझी आहे."

"दुसऱ्याचं काम आपण केलं तर युनियन भांडती."

युनियनची भीती कंपायलरला नसते, हे त्याला समजावण्यात अर्धा तास गेला. तेवढ्यात मी चहासाठी आत गेलो आणि परत आलो, तर लाल अक्षरे नाहीशी झालेली. मला क्षणभर आनंद झाला. शिक्षकाने असा आनंद कधी करू नये. कंपायलरची तक्रार अशी होती: 'हा क्लास अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नाही, आणि बाजूला करण्याचे काम त्याने पुरे केलेले नाही.' भैरूने वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचला आणि क्लासच्या नावाआधी 'अ‍ॅब्स्ट्रॅक्ट' हा शब्द लिहून टाकला. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे अपुरा, नंतर कोणीतरी पुरा करील असा.

"अरे, तू त्याला अपुरा म्हणून जाहीर केलेस."

"त्यानंच सांगितलं. 'तू अ‍ॅब्स्ट्रॅक्ट न्हाईस' म्हनला. मी म्हनलं, बरं, होतो."

मग त्या अपुऱ्या क्लासपासून प्रत्यक्ष तपासनीस बनवायला तो गेला, आणि कंपायलरने दुसरी चूक दाखवली: अपुऱ्या क्लासपासून काहीही बनवता येत नाही. भैरू खुर्चीतून उठला. "बगा! आपनच सांगतो आन् आपनच नडतो. ह्यो आमचा सुपरवायझर हाय सर. ह्याला वळखतो मी."

माझ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांना चूक समजून घ्यायची नसते, लाल रंग घालवायचा असतो. भैरू त्यांच्यापेक्षा अधिक प्रामाणिक एवढ्यासाठी की तो हे तोंडावर सांगत असे.

पुढच्या गुरुवारी तिन्ही कामे लिहून झाली, आणि कंपायलरने तिन्हींवर आक्षेप घेतला. कारण त्याने एकाही कामाच्या नावाआधी 'पब्लिक' हा शब्द लिहिलेला नव्हता. करारातली कामे सर्वांसाठी खुली असतात. ती पुरी करणाऱ्याला त्यांचे दार अर्धे लावून घेता येत नाही. हे मी तीन प्रकारे सांगितले. तो तिन्ही वेळा म्हणाला, "हां," आणि त्या 'हां'चा अर्थ मी अनेक वर्षे ओळखून आहे.

शेवटी मी नाइलाजाने त्याच्या गावात शिरलो. भैरूच्या घराण्याकडे गावच्या उत्सवात पालखीच्या पहिल्या खांद्याचा मान आहे. हे मला ठाऊक असण्याचे कारण असे की तो दर गुरुवारी मला ते सांगत असे.

"तुमचा खांद्याचा मान," मी म्हणालो, "तुझे चुलते धर्माजी घरात दार लावून पुरा करू शकतील काय? सोप्यात पालखी फिरवली आणि झाले?"

"आसं कसं? गावासमोर नको व्हय?"

"तेच पब्लिक."

भैरू थबकला. मग सावकाश त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तो इतका स्वच्छ होता की मला संशय यायला हवा होता. "म्हंजी इंटरफेस हा मान हाय. क्लास म्हंजी मानकरी. मान घ्येतला तर समदी कामं करायची, आन् गावासमोर करायची."

"अगदी बरोबर."

"मग ह्ये आधी सांगायचं की सर! उगा करार करार करत बसला."

हे उदाहरण मी का दिले, याचा पश्चात्ताप मला पुढे पुष्कळ झाला. परंतु तो त्या दिवशी नाही. त्या दिवशी आम्ही मापाच्या भानगडीत होतो. माप दशांशात येते, म्हणून करारात ते दशांश स्वीकारणारे काम होते. भैरूने पूर्णांक स्वीकारणारे लिहिले. कंपायलर म्हणे, निकाल देण्याचे काम राहिले. भैरू म्हणे, हे काय इथे लिहिले आहे, आंधळा आहेस का.

"नाव तेच असले तरी त्याच्या हातात द्यायची वस्तू वेगळी आहे," मी सांगितले. "म्हणून ते वेगळे काम धरले जाते. दशांश का लिहीत नाहीस?"

"शॉपमधी दशांश कोन बोलतंय? 'तीन पॉइंट जास्त' म्हनलं की समद्यांना कळतं. पुढचं शून्य आन् टिंब मनात धरायचं असतं."

"कंपायलरच्या मनात काही नसते."

"त्येच तर. माणूस न्हाई त्यो."

यात त्याला जे वाईट वाटले ते मलाही थोडे पटले, हे नोंदवतो. त्याने पूर्णांकाचा दशांश केला, लाल अक्षरे एका आक्षेपाने कमी झाली आणि तो उठून बूट घालायला गेला. जिन्यात उद्धवरावांचा आवाज आला. मी दार लावून घेतले.

परीक्षेच्या आधीच्या गुरुवारी मी त्याला एक नवा इंटरफेस दिला आणि घड्याळ लावले. तो इतक्या लवकर पुरा झाला की मी स्वतः स्क्रीनवर वाकून पाहिले. एकही लाल अक्षर नव्हते. 'पब्लिक' जागच्या जागी, दशांश जागच्या जागी, कामे सगळी. फक्त कामांच्या पोटात काही नव्हते. महिरपी कंस उघडला, कंस मिटला. जिथे कंपायलरने उत्तर परत करण्याचा आग्रह धरला, तिथे 'रिटर्न ट्रू', म्हणजे प्रत्येक प्रश्नाला 'होय, ठीक आहे'.

"हे काय आहे?"

भैरू गालातल्या गालात हसत होता. "नारळ."

"कसला नारळ?"

"मानाचा! तुमीच तर म्हनला क्लास म्हंजी मानकरी. आता बगा, शिफ्टमुळं मला गेली कित्येक वर्सं जत्रेला जाता आलं न्हाई. मग मी काय करतो? नारळ पाठवतो. धर्माजीतात्या त्यो पालखीपुढं ठेवतात, गुरव नाव पुकारतो, 'भैरूचा खांदा', आन् मान पोचला. पालखी थांबत न्हाई, गाव रागवत न्हाई. तसंच ह्ये. वॉचमनला नाव पायजे, नाव दिलं. खांदा कुनाचा बी आसंना."

मी त्याला सांगितले की हे कंपायलरला फसवणे आहे. तो म्हणाला, "वॉचमनला फसवत न्हाई तर काय करत्यात?" मी म्हणालो की प्रोग्रॅम चालू झाल्यावर उघडा पडशील. तो म्हणाला, "चालू तर हू द्या!" लाल रंग गेला की त्याच्या लेखी विषय संपलेला होता. माझ्याच उदाहरणाने त्याने मला हरवले होते, आणि त्याहून वाईट म्हणजे, उदाहरण चांगले होते.

परीक्षेच्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. माझी जुनी विद्यार्थिनी योगिनी. महाविद्यालयात पहिल्या बाकावर बसणारी, आता मारुंजीत राहणारी. तिला कंपनीने परीक्षक म्हणून बोलावले होते, हे मला तेव्हा कळले. इतक्या वर्षांत तिने माझी प्रकृती विचारायला फोन केला नव्हता. आताही प्रकृती विचारली नाही.

"सर, तो भैरू तुमचा विद्यार्थी?"

"आहे, असे म्हणतात."

"तुम्ही त्याला काय शिकवलंत हो?"

"इंटरफेस."

"आणि नारळ?"

"ते गावचे आहे. माझ्या माथी मारू नकोस."

मग तिने जे सांगितले ते असे, आणि भैरूने नंतर सांगितले त्याच्याशी ते जुळते. फक्त भैरूच्या सांगण्यात त्याची बाजू उंच आहे.

ट्रेनिंग रूममध्ये एक लहान पट्टा मांडला होता. त्यावर ठेवलेला गिअर सरकत सरकत माप घेणाऱ्या जबड्यात जातो. प्रोग्रॅमने चांगला म्हटले की हिरवा दिवा, वाईट म्हटले की लाल दिवा आणि गिअर बाजूच्या खोक्यात. उमेदवारांनी दिलेला इंटरफेस पुरा करायचा. सर्वांआधी भैरूने हात वर केला. योगिनीने दात तुटलेला गिअर ठेवला. हिरवा. गंजलेला ठेवला. हिरवा. तिला शंका आली. तिने आपल्या किल्ल्यांचा जुडगा ठेवला. हिरवा. मग, स्वभावाला अनुसरून, तिने स्वतःचा जेवणाचा डबा पट्ट्यावर ठेवला. डबा डुलत डुलत जबड्यातून गेला आणि हिरवा दिवा लागला.

"भैरू, माझा डबा हा उत्तम प्रतीचा गिअर आहे?"

"घरचा डबा हाय मॅडम, खराब कसा म्हनू?"

खोली हसली. योगिनीने त्याचे नाव खोडले. भैरू मागच्या बाकावर जाऊन बसला. दिवसपाळी गेली, हे त्याला कळले. हसणे थांबल्यावर त्याचा चेहरा पाहवत नव्हता, असे योगिनी म्हणाली. भैरू म्हणतो की तो फक्त डब्याकडे पाहत होता.

त्याच्यानंतर दुसरा उमेदवार आला. योगिनीने ट्रेमधले नमुने एकामागून एक ठेवले. चांगल्याला हिरवा, तुटक्याला लाल, चांगल्याला हिरवा, गंजक्याला लाल. एकही चूक नाही. टाळ्या पडल्या. तेव्हा मागून आवाज आला.

"मॅडम, ह्याचा बी नारळच हाय."

"तुला काय माहीत?"

"लाल दिवा गिअर जबड्यात जायच्या आधी लागला. त्यानं माप घेतलंच न्हाई. ऑडिटला ट्रे कायम असाच लावत्यात: एक बरा, एक खराब. शॉपमधल्या पोरासोरास्नी पाठ हाय. त्यानं निस्तं एक हिरवा, एक लाल लिवलंय. ट्रे उलटा करा."

योगिनीने ट्रे उलटा केला. तुटक्या गिअरला हिरवा दिवा लागला.

"अरे भावा, तुझं काय जात होतं?" तो उमेदवार ओरडला.

"माझं गेलं. मग तुझं बी जाऊ दे," भैरू म्हणाला.

यात कोणताही थोर हेतू नव्हता, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. एखाद्याने आपला घसरलेला पाय दुसऱ्याच्या पायात अडकवावा, तसे ते होते. परंतु भैरू एकदा मागच्या बाकावर बसला तो उठेना. तिसऱ्याचा प्रोग्रॅम जबड्यात काहीही जाडजूड आले की चांगला म्हणत होता, ते त्याने लोणच्याची बाटली ठेवून दाखवले. चौथ्याने कोणत्याही अडचणीत मागचाच निकाल पुन्हा देण्याची सोय केली होती, ते त्याने पट्टा रिकामा चालवून दाखवले. रिकाम्या पट्ट्याला हिरवा दिवा लागला, तेव्हा सगळ्यांनी मिळून भैरूला घरभेदी म्हटले. शेवटी गोरक्ष नावाचा एक उमेदवार उरला. त्याच्या प्रोग्रॅमला भैरूने डबा दिला, ट्रे उलटा दिला, रिकामा पट्टा दिला. तो बधला नाही.

"ह्यो खरा खांदा हाय," भैरू म्हणाला आणि त्याने डबा योगिनीला परत केला.

पहिले टेबल गोरक्षला मिळाले. दुसऱ्या टेबलाचे काय करायचे, यासाठी योगिनीने मला फोन केला होता. तिचे म्हणणे असे की गोरक्ष जे लिहील, त्यातले नारळ शोधायला कोणीतरी पाहिजे. आणि ज्याने आयुष्यभर नारळ पाठवले, त्याच्याइतके ते कोण ओळखणार? मात्र कंपनीची अट अशी की त्यानेही एकदा, त्याच पट्ट्यावर, एक इंटरफेस खराखुरा पुरा करून दाखवावा. एका आठवड्याची मुदत. योगिनीने नवा इंटरफेस दिला होता. त्यात चौथे एक काम होते, पट्टा अडकल्यास तो सोडवणे.

"येईल का त्याला, सर?"

"त्याला येत नाही असे नाही," मी म्हणालो. "त्याला पुरे करवत नाही."

गुरुवारी भैरू आला. बूट, नेहमीप्रमाणे, जिन्याच्या तोंडाशी. या वेळी त्याने 'थिअरी राहू द्या' म्हटले नाही. माप लिहिले, त्यात दशांश. निकाल लिहिला, त्यात खरोखरीची तुलना. बाजूला करणे लिहिले आणि युनियनचे नाव काढले नाही. कंपायलरने दोनदा अडवले. दोन्ही वेळा त्याने तक्रारीचे वाक्य शेवटपर्यंत वाचले, ओठ हलवत, जसे पुनमच्या खिडकीवर लोक केसपेपर वाचत असतील. चौथ्या कामाशी मात्र तो अडला. पट्टा कसा सोडवतात, हे त्याला खरेच ठाऊक नव्हते. ते काम मेंटेनन्सचे.

बराच वेळ त्याचे बोट त्या जागेवर होते. 'रिटर्न ट्रू' लिहिले असते तर लाल अक्षरे गेली असती. मला ते दिसत होते, आणि त्यालाही.

"सर, काम येत नसंल तर मानकऱ्यानं काय करायचं?"

"नारळ पाठवू नये. स्वतः जाऊन गावासमोर सांगावे की मला येत नाही."

"लाज काढत्यात की लोक."

"पण पालखी कोणाच्याही डोक्यावर पडत नाही."

मी त्याला ती सोय दाखवली. काम लिहायचे, पण त्याच्या पोटात खोटे 'होय' ठेवायचे नाही. तिथे अपवाद उभा करायचा, म्हणजे त्या जागी पोचताच प्रोग्रॅम मोठ्याने थांबतो आणि का थांबलो ते सांगतो. कंपायलर समाधानी होतो, आणि कोणी फसत नाही. थांबताना दाखवायचे वाक्य भैरूने स्वतः लिहिले. मी शुद्धलेखन सुधारायला गेलो, तर त्याने हात धरला.

दुसऱ्या दिवशी योगिनीने त्याला डबा, किल्ल्या आणि उलटा ट्रे, सगळे देऊन पाहिले. चांगल्या गिअरला हिरवा, बाकी सगळ्याला लाल. मग तिने मुद्दाम पट्ट्यात चिंधी अडकवली. पट्टा थांबला, भोंगा वाजला, आणि वरच्या मोठ्या पडद्यावर, प्लांट मॅनेजरांच्या देखत, अक्षरे उमटली: 'पट्टा सोडवायला भैरूला येत न्हाई. मेंटेनन्सला बोलवा. नारळ पाठवलेला न्हाई.'

दुसरे टेबल त्याला मिळाले.

आता या यशात सर्वजण सुखी झाले असे लिहिण्याची प्रथा आहे. वस्तुस्थिती अशी की पुनमने पहिल्याच आठवड्यात मला फोन केला. "सर, हे घरात बी तपासायलेत. भात झाला म्हनलं तर झाकन उघडून बघत्यात. 'नारळ तर न्हाई ना?' म्हनत्यात. रातपाळीच बरी होती." शिवाय धर्माजीतात्यांनी निरोप धाडला की आता शिफ्टची सबब संपली, तेव्हा यंदा जत्रेला स्वतःचा खांदा घेऊन ये. भैरू गेला. दोन दिवस त्याला मान वळवता येत नव्हती, असे गोरक्षकडून समजले. त्याने पट्ट्यावर तपासताना डोक्याऐवजी खुर्चीच फिरवली म्हणे.

माझ्याकडे मात्र तो आला नाही. आला तो सोसायटीचा वॉचमन, हातात एक नारळ. "भैरूभाऊंनी दिलाय. म्हणाले, ड्यूटी आहे, सरांना सांगा मान पोचला."

मी तो नारळ घेतला नाही. वॉचमनला सांगितले, "परत दे. म्हणावे, रहाटणीत असले चालत नाही. काम पुरे केलेले नाही."

गुरुवारी संध्याकाळी बेल वाजली. भैरू दारात होता, पुनम मागे, आरोही पुढे. तोच नारळ त्याने माझ्यासमोर कानाशी नेऊन हलवला. "पाणी हाय सर. तपासून आणलाय."

आरोहीने मला नीट न्याहाळले आणि बापाच्या पँटला धरून ओळख करून दिली. "हे माझे पप्पा. हे आता उठतात."

नारळ चांगला निघाला, हे नाइलाजाने नमूद करतो. आम्ही तो फोडत होतो त्याच वेळी जिन्याच्या तोंडाशी काहीतरी आदळले आणि उद्धवरावांनी माझे नाव घेतले. देवाचे नाव त्यांनी या वेळी घेतले नाही.